गाळा कोणासाठी? खराडीतील छोटी दुकाने आणि नियोजनाचे नियम

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा राज्यातील शहरांच्या मांडणीचा मूळ कायदा. बोलताना त्याला सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. या कायद्याने ‘विकास’ शब्दाची जी व्याख्या केली आहे तिच्यात बांधकाम तर येतेच, शिवाय जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. राहत्या खोलीचे दुकान करायचे असेल, तर भिंतीची एक वीटही न हलवता परवानगी लागते ती यामुळे. मात्र एका गाळ्यातले पंचवीस वर्षांचे किराणा दुकान उठले आणि तिथे एखाद्या साखळी दुकानाची शाखा उघडली, तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते. आधीही दुकान होते, नंतरही दुकानच आहे. गल्लीतल्या माणसांना मात्र फरक लगेच कळतो. उधारीची वही बंद झालेली असते आणि किल्ली ठेवायला जागा उरलेली नसते.

वापर पाहायचा आणि वापरणारा पाहायचा नाही, ही नियोजनाची जुनी सवय आहे. तिचे परिणाम पाहायला पुण्याच्या पूर्वेकडील खराडीइतकी सोयीची जागा कमी सापडेल. मुळा-मुठेच्या काठचे हे शेतीचे गाव १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्यानंतर आयटी उद्योगाने त्याचा कायापालट केला. आज खराडीत दुकानांच्या तीन वस्त्या शेजारी शेजारी नांदतात. पहिली गावठाणातली. तिथे घराच्या ओट्यावर, पुढच्या खोलीत दुकान असते आणि बहुतेक वेळा दुकानाचा मालक तोच घराचाही मालक असतो. दुसरी नगर रस्त्याच्या कडेची, चंदननगरपर्यंत पसरलेली: भांडी, कपडे, हार्डवेअर, औषधे, भाजी. तिसरी नव्या सोसायट्यांच्या तळमजल्यावरची आणि आयटी पार्कच्या फाटकांबाहेरची. इथे काचेचे दर्शनी भाग, कॅफे आणि सलून आहेत. आणि त्यांच्याच समोर, रस्त्यापलीकडे, चहा-वडापावच्या गाड्या.

या तिन्ही वस्त्यांना एकच नियम लागू आहे असेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने ‘एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’ लागू केली. यूडीसीपीआर या नावानेच ती वास्तुविशारदांपासून दलालांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई महापालिका आणि एमआयडीसीसारखी काही क्षेत्रे तिच्याबाहेर ठेवली आहेत. खराडीतील ईऑन आयटी पार्कचा परिसर एमआयडीसीच्या नॉलेज पार्कमध्ये मोडतो. त्यामुळे एकाच उपनगरात रस्त्याच्या एका बाजूचे नियोजन महापालिका करते आणि दुसऱ्या बाजूचे औद्योगिक महामंडळ. हजारो कर्मचाऱ्यांच्या दुपारच्या जेवणाची गरज एका प्राधिकरणाच्या हद्दीत निर्माण होते आणि ती भागवणाऱ्या खानावळी व गाड्या दुसऱ्याच्या हद्दीत उभ्या राहतात.

यूडीसीपीआरमध्ये छोट्या दुकानाला स्वतःचे नाव आहे: सोयीची दुकाने, म्हणजे ‘कन्व्हिनियन्स शॉप्स’. व्याख्येप्रमाणे अशा दुकानाचे चटई क्षेत्र सामान्यतः २० चौरस मीटरच्या आत असावे आणि तिथे रोजच्या गरजेच्या वस्तू वा सेवा मिळाव्यात. घाऊक व्यापार आणि डिपार्टमेंटल स्टोअर यांच्यापासून त्यांना वेगळे काढलेले आहे. किराणा, पिठाची गिरणी, शिंपी, इस्त्री, केशकर्तनालय, भाजी-फळे, दूध, वह्या-पुस्तके हा या व्याख्येमागचा संसार. राज्याच्या नियोजनाच्या भाषेत छोट्या, स्वतंत्र दुकानाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. २० चौरस मीटर म्हणजे सुमारे २१५ चौरस फूट. एवढ्या जागेत मोठ्या साखळीला आपले दुकान थाटणे अवघड जाते. नियम करणाऱ्यांच्या मनात तसा हेतू होता की नव्हता ते बाजूला ठेवले, तरी आकाराची मर्यादा स्थानिक दुकानदाराच्या बाजूने झुकते, हे खरे.

पण हे संरक्षण अरुंद रस्त्यापुरतेच टिकते. नियमावली निवासी भागात काय चालेल हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवरून ठरवते. अरुंद रस्त्यावर राहणे आणि सोयीची दुकाने. रस्ता रुंद होत गेला, की मोठी दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे, बँका, सगळ्यांना वाट मोकळी. वाहतूक आणि पार्किंग यांच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे. बाजाराच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ वेगळा निघतो. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवला, की त्याच्या कडेच्या प्रत्येक तळमजल्याची किंमत त्या रेघेबरोबर वाढते. खराडीत शेतजमिनींवर आखलेले रस्ते मुळातच रुंद आहेत. म्हणून छोट्या दुकानाला आकाराचा आधार मिळतो तो गावठाणात आणि जुन्या आतल्या गल्ल्यांत. जिथे नवी लोकवस्ती खरोखर वाढली, तिथे तो पोहोचत नाही.

गावठाणाला नियोजनात दाट वस्तीचा भाग मानतात. तिथे इमारतीसमोर आणि बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेचे, म्हणजे मार्जिनचे, नियम सैल असतात. त्यामुळे थेट रस्त्यावर उघडणारे दुकान तिथे जगते. नव्या इमारतीत गाळ्यासमोर फ्रंट मार्जिन सोडावे लागते. त्या मोकळ्या जागेत पत्रे टाकून टेबले मांडली, की महापालिकेचे पथक येते, पत्रे उतरतात आणि काही दिवसांनी पुन्हा चढतात. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक उपनगरात हा खेळ चालू आहे. तळमजल्यावरचा धंदा आणि फुटपाथ यांच्यातले नाते नियमाने नीट ठरवलेच नाही, तर ते रोज नव्याने भांडून ठरते.

छोट्या व्यापाऱ्याला खात्रीने जागा देण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे बाजार सार्वजनिक मालकीचा ठेवणे. पुण्याची मंडई १८८६ मध्ये बांधून झाली, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव दिले गेले. मंडईभोवतीचा परिसर आज पुण्यातल्या महागड्या व्यापारी जागांपैकी एक आहे. तरीही आत भाजीचे गाळे टिकून आहेत, याचे कारण साधे आहे: जागा पालिकेची आहे आणि ती बाजारासाठीच आहे. जमिनीचा भाव कितीही वाढो, गाळ्याचा वापर बदलायचा तर निर्णय सार्वजनिक व्हावा लागतो.

विकास आराखड्यातील भाजी मंडई किंवा शॉपिंग सेंटरचे आरक्षण हा त्याच कल्पनेचा आधुनिक अवतार. आराखडा भूखंडावर आरक्षण टाकतो. मग पालिकेने ती जागा विकत घ्यायची किंवा मालकाकडून विकसित करून घ्यायची असते. दुसऱ्या पद्धतीला ‘अॅकोमोडेशन रिझर्व्हेशन’ म्हणतात: मालकाने ठरलेला भाग बांधून पालिकेला विनामूल्य द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. एमआरटीपीच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांतही पालिकेने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. झपाट्याने महाग होणाऱ्या उपनगरात ही मुदत पालिकेच्या तिजोरीला झेपत नाही. आराखड्यावरच्या मंडईचा रंगीत चौकोन तसाच राहतो आणि भाजीवाले रस्त्याच्या कडेला बसतात. मोठ्या गृहप्रकल्पांकडून मिळणारी सुविधा जागा, म्हणजे अॅमेनिटी स्पेस, हा आणखी एक मार्ग. पुण्यात पूर्वी एक एकरापासूनच्या भूखंडांना ती लागू होती. यूडीसीपीआरने ही सीमा वर नेली आणि दोन हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटरच्या भूखंडांपासून पाच टक्के जागा घेण्याचे ठरवले. मधल्या आकाराचे प्रकल्प त्यातून सुटले. खराडीसारख्या भागात, जिथे शेताचे तुकडे एकेक करून विकसित होतात, तिथे हा तोटा लहान नाही.

पालिकेच्या मालकीचे गाळे असले म्हणजे प्रश्न मिटतो असेही नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये पालिकेची मिळकत विकताना किंवा भाड्याने देताना चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदला घेऊ नये, असे बंधन आहे. सार्वजनिक मालमत्ता आपल्या माणसांना फुकटात वाटली जाऊ नये म्हणून हे बंधन आले, आणि ते योग्यच आहे. पण चपला शिवणाऱ्याला नि मोबाइल कंपनीला एकाच बाजारभावाने गाळा मिळणार असेल, तर मंडई बांधण्याचा हेतूच अर्धा निसटतो. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. नव्या भाड्याचा हिशेब रेडी रेकनरवर, म्हणजे शासनाच्या मिळकत-मूल्य तक्त्यावर, जाताच गाळेधारक आणि पालिका यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. दोन्ही बाजूंना कायद्यात आधार सापडत होता.

आता भाड्याचा कायदा. नियोजनाच्या बाहेर असूनही छोट्या दुकानाचे नशीब प्रत्यक्षात तोच ठरवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडेकरूला घालवण्याची कारणे मर्यादित आहेत आणि भाडेवाढ दरवर्षी चार टक्क्यांपर्यंत बांधलेली आहे. या कायद्यात एक लक्षणीय तरतूद आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना हे संरक्षण मिळत नाही. राज्याच्या कायद्यात लहान दुकानदार आणि मोठी कंपनी यांच्यात उघडउघड भेद करणारी अशी जागा क्वचितच सापडते. पुण्याच्या पेठांत आणि कॅम्पात दोन-तीन पिढ्यांची दुकाने टिकली, त्यात जुन्या भाडेकरारांचा वाटा मोठा आहे. या संरक्षणाची किंमत घरमालकांनी मोजली, इमारती दुरुस्तीविना खचल्या, हेही तितकेच खरे.

खराडीला या कायद्याचा उपयोग जवळजवळ नाही. इथला गाळा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, बोलीभाषेत ‘अॅग्रीमेंट’वर दिला जातो. भारतीय इझमेंट्स अॅक्ट, १८८२ प्रमाणे लायसन्स म्हणजे केवळ वापरण्याची मुभा. जागेत त्यातून कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुदत संपली, की नवे भाडे ठरते किंवा नवा माणूस येतो. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईने तीन वर्षांत जमवलेले गिऱ्हाईक, त्या गिऱ्हाइकामुळे त्या कोपऱ्याला आलेली किंमत, हे सगळे गाळामालकाच्या खात्यात जमा होते. व्यवहार बेकायदा नाही. पण ‘छोटी दुकाने ऑनलाइन विक्रीमुळे बुडतात’ असे सरसकट म्हणताना हा हिशेब बहुधा विसरला जातो.

गाळाच नसलेल्या विक्रेत्याची स्थिती, गंमत अशी की, कागदावर अधिक भक्कम आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा केंद्राचा कायदा उपजीविकेचे संरक्षण नावातच घेऊन आला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवू नये, असे तो सांगतो. निर्णयासाठी नगर पथविक्रेता समिती असते. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. त्यांत एक तृतीयांश महिला. शिवाय हा कायदा ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना मानतो. जिथे विक्रेते आणि गिऱ्हाईक पूर्वापार आपसूक जमतात, ती जागा नियोजनाने विचारात घ्यावी लागते. आयटी पार्कच्या फाटकाबाहेर दुपारी आणि रात्रपाळी सुटताना जमणारा बाजार या वर्णनात चपखल बसतो. अंमलबजावणीत मात्र अतिक्रमण विभागाची गाडी समितीच्या बैठकीपेक्षा नियमित येते.

दुकानांसोबत बसण्या-बोलण्याच्या जागाही येतात; त्यांपैकी पबचा प्रश्न खराडीत आणि एकूण पुण्यातच उलट्या बाजूने उभा राहतो. इंग्लंडमध्ये पब ही गल्लीची बैठक मानली जाते. जमिनीचे भाव वाढले, तशा पबच्या जागी सदनिका आणि सुपरमार्केट येऊ लागले, आणि कायद्याला पब वाचवण्यासाठी धावावे लागले. २०११ च्या लोकॅलिझम अॅक्टने रहिवाशांना एखादी जागा ‘समाजमूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याचा हक्क दिला. नोंद झालेली जागा विक्रीला निघाली, तर रहिवाशांना बोलीची तयारी करायला सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो. दक्षिण लंडनमधील नन्हेड भागातला ‘आयव्ही हाउस’ पब २०१३ मध्ये रहिवाशांनी असाच विकत घेतला. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान करायला नियोजनाची परवानगी अनिवार्य झाली. २०२० मध्ये दुकाने, कॅफे, कार्यालये यांचे वर्ग एकत्र करून आपसातला बदल मोकळा केला गेला, तेव्हाही पब या मोकळिकीबाहेर, स्वतंत्र वर्गात ठेवले गेले.

पुण्यात मद्यालयाची परवानगी नियोजनापेक्षा राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या हाती अधिक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परमिट रूमला परवाना मिळतो. शाळा आणि धार्मिक स्थळे यांच्यापासूनचे अंतर, वेळ, ध्वनी असे त्याचे निकष. ते सारे शेजाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी आहेत. मतदानातून ‘बाटली आडवी’ करून दुकान बंद पाडण्याचा हक्क महाराष्ट्रात आहे. दुकान टिकवण्यासाठी मतदान नाही. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने विधानसभेत जाहीर केले, की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवे बिअर शॉप किंवा मद्याचे दुकान उघडायचे, तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. त्याआधी, मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दोघांचा जीव घेतला आणि पूर्व पुण्यातील पब व रूफटॉप हॉटेलांवर कारवाईची लाट आली. इथल्या रहिवाशाला पबपासून संरक्षण हवे आहे, आणि मागणी अवाजवी नाही. इंग्लंडमधल्या पबची जागा खराडीत चालवतो तो अमृततुल्य, टपरी, खानावळ, किराणा दुकानापुढचा कट्टा. त्यांच्यासाठी समाजमूल्याची नोंद करणारा कोणताही नियम राज्यात नाही. वारसा यादी आहे, पण ती वास्तूची प्रतवारी करते. इमारत वाचते, आतला धंदा गेला तर यादीला त्याचे सोयरसुतक नसते.

जगातल्या काही शहरांनी वापरणाऱ्याकडेही पाहण्याच्या युक्त्या काढल्या आहेत. पॅरिसच्या २००६ च्या आराखड्याने निवडक रस्त्यांच्या तळमजल्यांवर रेघ मारली: इथले दुकान किंवा कारागिराची जागा निवासात वा कार्यालयात बदलता येणार नाही. शिवाय पॅरिसने शहराच्या मालकीच्या कंपनीमार्फत गाळे विकत घेऊन ते पुस्तकविक्रेत्यांसारख्या स्वतंत्र व्यावसायिकांना दिले. सॅन फ्रान्सिस्कोत जगभर अकरा वा अधिक शाखा असलेल्या दुकानाला अनेक वस्त्यांत विशेष परवानगी आणि जाहीर सुनावणी लागते, काही वस्त्यांत तर बंदीच आहे. तिथे २०१५ पासून साधारण ३० वर्षे जुन्या, परिसराच्या ओळखीचा भाग झालेल्या व्यवसायांची अधिकृत नोंदही ठेवली जाते. अशा नियमांवर टीका होते ती बिनबुडाची नाही. स्पर्धा कमी झाली की भाव चढे राहतात, आणि जुन्याला जपताना नव्या माणसाला दार बंद होते. कालचा नवखा दुकानदारच आजचा जुना असतो, हे खराडीसारख्या स्थलांतरितांच्या वस्तीत विसरून चालणार नाही.

दहा मिनिटांत सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाईकबंद कोठारांनी, म्हणजे डार्क स्टोअर्सनी, या चर्चेत नवा पेच आणला आहे. शटरच्या आत माल, बाहेर दुचाकींची रांग आणि पायी येणाऱ्याला प्रवेश नाही. हे दुकान की गोदाम? फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ते गोदाम ठरवले, त्यामुळे पॅरिसला निवासी रस्त्यांवरून त्यांना हटवता आले. इथे हा प्रश्न नव्या कायद्याविना हाताळता येण्याजोगा आहे. वापराचे वर्गीकरण यूडीसीपीआरमध्ये आधीपासून आहेच. अशा कोठाराला दुकानाच्या नव्हे, गोदामाच्या रकान्यात टाकायचे, एवढा निर्णय लागतो.

बाकीचे बदलही एमआरटीपीच्या चौकटीत बसतात. कलम ३७ प्रमाणे आराखड्यात वा नियमावलीत किरकोळ फेरबदल करता येतो. त्यासाठी नोटीस राजपत्रात आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. नव्या रुंद रस्त्यांवरच्या इमारतींतही तळमजल्याचा काही भाग २० चौरस मीटरच्या गाळ्यांसाठी राखावा, किंवा पालिकेला मिळणाऱ्या सुविधा जागेत मंडईला अग्रक्रम द्यावा, असे फेरबदल याच वाटेने येऊ शकतात. आराखड्याची उजळणी किमान दर वीस वर्षांनी व्हावी, असे कलम ३८ सांगते. प्रारूप आराखडा जाहीर झाला, की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ बसतात. या सुनावण्यांना सहसा गर्दी असते ती ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडले त्यांची. अॅग्रीमेंटवर गाळा चालवणाऱ्याच्या नावावर तिथे जमीन नसते, पण हरकत नोंदवायला सातबारा लागतोच असे नाही; कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत.